तीन नंबरची चिठ्ठी

मंगळवार, १७ जुलै २००१. ठिकाण: पासलीच्या वरच्या अंगाची वाडी, दुकानाचा ओटा. हजर: तुळसामावशी, गुरुजी, कासारमामा, सुतारदादा, जीपवाला बाळू, दुकानदार (अर्धे हजर, गिऱ्हाईक आलं की आत जात होते), चाचा आणि मी. गैरहजर: कुणी नाही. विषय: साप चावल्यास करायच्या गोष्टींच्या चिठ्ठ्या वाटणे.

माझ्या डायरीतली त्या दिवसाची नोंद एवढीच आहे. मी पासलीच्या बाजूला आरोग्यसेविका होते आणि ज्या गोष्टीची नोंद नाही ती घडलीच नाही, अशी माझी समजूत होती. चाचा आमच्या आरोग्य केंद्रातले औषधवाले. एका माणसाला एका वेळी दोन गोष्टी सांगणाऱ्याला सरळ तुरुंगात टाकावं, असं मनापासून मानणारा माणूस उभ्या भोर आणि वेल्हे तालुक्यात एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला.

चाचांचं घर भोरात. शनिवारी कापूरहोळला एसटी बदलून घरी जायचे, सोमवारी तसेच परत. मधले दिवस केंद्रामागच्या खोलीत. त्यांना नाव होतं, पण ते फक्त पगारपत्रकावर. डॉक्टरांपासून झाडूवाल्या बाईंपर्यंत सगळे चाचाच म्हणत. उंच, किडकिडीत, चालताना डोकं पुढे आणि पाय मागाहून. इतर लोक गळ्यात चष्म्याची दोरी घालतात, चाचांच्या गळ्यातल्या दोरीला कात्री असे. जिल्ह्याहून एखादं परिपत्रक आलं की आधी ते पूर्ण वाचत, मग डोळे मिटून थोडा वेळ बसत आणि मग कात्री चालवत. चार पानी परिपत्रकाच्या दहा मिनिटांत बोटभर रुंदीच्या पट्ट्या होत. एकदा डॉक्टर ओरडले, "अहो चाचा, तो जिल्ह्याचा कागद आहे!" चाचा पट्ट्या टाचणीनं भिंतीवर लावता लावता म्हणाले, "व्हता, साहेब. आता माणसांचा झाला."

औषध द्यायच्या खिडकीवर तर त्यांचं वेगळंच राज्य होतं. पाच दिवसांच्या गोळ्या ते एका पाकिटात कधीच देत नसत. प्रत्येक वेळची गोळी वेगळ्या पुडीत, पुडीवर पेनानं काढलेला सूर्य: उगवता, डोक्यावरचा किंवा बुडता. पुड्या एका दोऱ्यात ओवलेल्या, म्हणजे पहिली सुटल्याशिवाय दुसरी सुटायची नाही. एका खोकल्याच्या पेशंटला औषध द्यायला त्यांना पंधरा मिनिटं लागत आणि रांग पार पिंपळापर्यंत जाई. लोक कुरकुरत. एकदा एक म्हातारा वैतागून म्हणाला, "चाचा, एकदम सांगा की समदं, माझी यष्टी जाईल." चाचांनी पहिली पुडी त्याच्या हातावर ठेवली. "ही कधी घ्यायची?" "सकाळच्याला." "मग झालं. सकाळ झाल्यावर दुसरीकडं बघा. आत्ता यष्टी धरा."

रस्ता विचारणाऱ्यांचे तर हाल व्हायचे. पावसाळ्यात पुण्याची पोरं तोरण्याला निघालेली असत, वाटेत आमच्या दारात मोटरसायकल थांबवून गड विचारत. चाचा सांगत, "ते आंब्याचं झाड दिसतंय? तिथपर्यंत जा." "आणि पुढे?" "पुढं तिथं कुणी तरी असंल." पोरं हसत आणि माझ्याकडे वळत. मी त्यांना सात वळणं, दोन ओढे आणि एक देऊळ असा नीट अनुक्रमे रस्ता सांगत असे. तासाभरानं तीच पोरं उलट दिशेनं आमच्या दारावरून जाताना दिसली की चाचा खिडकीतून माझ्याकडे बघत. बोलत काहीच नसत. मला तेच जास्त लागे.

घरीही तीच तऱ्हा. एकदा भोरात त्यांच्या घरी गेले असताना चाचींनी गाऱ्हाणं मांडलं. थोरल्या मुलीला स्थळ आलं, तर यांनी सोमवारी चिठ्ठी पाठवली, 'एक बातमी आहे.' बुधवारी दुसरी, 'बातमी चांगली आहे.' शनिवारी स्वतः आले, हातपाय धुतले, जेवले आणि मग म्हणाले, 'मुलगा आहे.' चाची म्हणाल्या, "सिस्टर, पाच दिवस माझा जीव टांगणीला. मला वाटलं बदली झाली, मग वाटलं दात काढला." चाचा शांतपणे म्हणाले, "एकदम सांगितलं असतं तर पहिल्याच रात्री सगळ्या नातेवाइकांना बोलावून बसली असती."

मी अगदी उलट. मला यादी लागते, आणि यादी पूर्ण लागते. बाजाराची, लसींची, गरोदर बायांची, पावसाआधी करायच्या कामांची. शिवाय कुठली यादी कुठल्या वहीत आहे याचीही एक यादी. चाचा माझ्या डायरीला हात लावायला घाबरत. म्हणत, "सिस्टर, ही यादी न्हाई, हे लग्नाचं जेवण हाय. सगळं एकदम पानात वाढलेलं. भूक मरती बघून." मी म्हणे, "आणि तुमचं? एक घास द्यायचा आणि वाढपी गायब!" यावर ते हसत, पण थोडंसंच.

त्या हसण्यामागचं कारण मला बऱ्याच उशिरा कळलं. एकदा पावसानं एसटी बंद होत्या आणि आम्ही दोघं केंद्राच्या पडवीत अडकलो होतो. चाचा आपण होऊन बोलायला लागले. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एक बाप जुलाब झालेलं पोर घेऊन आला होता. चाचांनी पाणी कसं उकळायचं, पुडी कशी मिसळायची, किती द्यायचं, कधी द्यायचं, डोळे खोल गेले तर काय, लघवी बंद झाली तर काय, सगळं एका दमात, अगदी बिनचूक सांगितलं. बाप प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. "व्हय जी. व्हय जी." घरी जाऊन त्यानं पाणीच तोडलं, कारण त्याच्या डोक्यात एवढंच उरलं होतं की पाण्याचं काही तरी आहे. पोर गेलं. "त्यानं चूक केली न्हाई, सिस्टर," चाचा म्हणाले. "त्यो घाबरलेला व्हता. घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात एकच वस्तू मावती. म्या बारा कोंबल्या." तेव्हापासून मान हलवणाऱ्या माणसाची त्यांना सापापेक्षा जास्त भीती वाटे. समोरच्यानं मान हलवली की त्यांचा चेहराच उतरायचा.

त्या वर्षी जुलैमध्ये साप चावल्यावर काय करावं याचा एक लांबलचक कागद आला. आमच्या भागात भाताच्या खाचरांत हा प्रकार दर पावसाळ्यात ठरलेला आणि वरच्या वाडीतून केंद्रापर्यंत येणं म्हणजे उतार, ओढा आणि मग कच्चा रस्ता. चाचांनी त्या कागदाच्या पाच पट्ट्या केल्या. भिंतीवर लावायच्या नाहीत, असं त्यांचं म्हणणं, कारण संकटात भिंत कुणी वाचत नाही. एका माणसाला एक चिठ्ठी. त्याचं तेवढंच काम. आणि चिठ्ठी कुणाला द्यायची हे त्या माणसाकडे बघून ठरवायचं. म्हणून आम्ही त्या मंगळवारी वाडीत गेलो.

चिठ्ठ्यांवर मोठे आकडे होते. एक नंबर तुळसामावशींना, कारण त्यांचा आवाज ऐकून बैलसुद्धा बसत. त्यांनी पेशंटला आडवं करायचं आणि उठू द्यायचं नाही. दोन नंबर गुरुजींना, घड्याळ त्यांच्याकडे म्हणून. त्यांनी वेळ लिहायची. तीन नंबर कासारमामांना; त्यांच्या कानात काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. चार नंबर सुतारदादांना, फळी लावून हात किंवा पाय हलणार नाही असा, पण न आवळता बांधायचा. पाच नंबर बाळूला, त्याची जीप. प्रत्येकाला चाचा कोपऱ्यात नेऊन कानात सांगत होते, जसं काही लग्न जमवत होते. मी म्हटलं, "निदान मला तरी सगळ्याची एक प्रत द्या." तर म्हणाले, "तुमाला येतंच की, सिस्टर." ते खरं होतं. मला ते परीक्षेपासून पाठ होतं. शेवटी त्यांनी सगळ्यांना ओट्यावर बसवून दोनच गोष्टी सांगितल्या, म्हणजे त्यांच्या हिशेबानं भाषणच केलं. "चिठ्ठी जिवापाड जपा. आणि आधीचा नंबर झाल्याशिवाय पुढच्यानं हात लावायचा न्हाई. गोंधळ नको." बाळूनं तर आईची शपथ घेतली.

जाता जाता मी विचारलं, "प्रत्येकाला काय दिलंय याची नोंद कुठे ठेवलीत?" चाचा म्हणाले, "दिलेली गोष्ट म्या डोक्यात ठेवत न्हाई. पुढच्या गोष्टीला जागा लागती." आणि त्यांना याचा अभिमान होता.

ऑगस्ट संपत आला होता. भातात भांगलण चालू होती. मी शाळेच्या पडवीत पोरांना लस देत होते. दुपारी एकच्या सुमाराला खालच्या खाचरातून ओरडा आला, "पान लागलं! कमलला पान लागलं!" आमच्याकडे चावणाऱ्याचं नाव घेत नाहीत, पान लागलं म्हणतात. कमल म्हणजे तुळसामावशींची सून, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. चौघांनी तिला उचलून दुकानाच्या ओट्यावर आणलं. डाव्या हाताच्या करंगळीच्या मुळाशी दोन टिंबं होती. एवढीशी.

सुरुवातीला सगळं इतकं सुरळीत झालं की मला चाचांचं कौतुक वाटलं. तुळसामावशींनी सुनेला आडवं केलं. "हललीस तर बघ, पडून ऱ्हा!" असं ओरडल्या आणि मग लगेच तिच्या कपाळावरून हात फिरवायला लागल्या. गुरुजींनी घड्याळ बघून ओट्याच्या भिंतीवर खडूनं लिहिलं: एक वाजून दहा. मग सगळे वाट बघायला लागले.

"तीन नंबर?" गुरुजी म्हणाले.

"मामा कापूरहोळला गेल्यात," दुकानदार म्हणाले. "माल आणाया. सकाळच्या यष्टीनं."

"चिठ्ठी?"

"खिशातच आसंल. जिवापाड जपायची व्हती न्हवं."

सुतारदादा फळी छातीशी धरून उभे होते. मी म्हटलं, "दादा, बांधा ना." ते एक पाऊल मागे गेले. "माझा चार हाय, सिस्टर. तीन न्हाई झाला. मधी कायतरी असंल तर? म्या बांधलं आन तिला काय झालं तर?" बाळू दगडी गडग्यावर बसला होता, किल्ली मुठीत. जीप खाली ओढ्यापलीकडे उभी होती, वर आणायला दहा मिनिटं लागत. "बाळू, गाडी आण!" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "आणतो की, सिस्टर. पर माझा पाच हाय. शपथ हाय." ही माणसं मूर्ख नव्हती. यांच्याइतकी शहाणी माणसं मी कमी पाहिलीत. पण सगळ्यांना एकच भीती होती, की आपल्या हातून चुकेल. आणि आपण चुकणार नाही एवढी एकच गोष्ट त्या आकड्यानं त्यांना दिलेली होती.

आणि मी? मला सगळं येत होतं. मी डायरी उघडली. 'सर्पदंश: करावयाची कार्यवाही', एकोणीस मुद्दे, माझ्याच सुवाच्य अक्षरात. मी पहिली ओळ वाचली. ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात हरवली. परत वाचली. अक्षरं दिसत होती, पण त्यांना अर्थ येत नव्हता. बारा वर्षांची नोकरी होती माझी. कमल माझ्याकडे बघत होती आणि मी त्या पानाकडे. तेवढ्यात तिनं हळूच विचारलं, "सिस्टर, म्या मरती का?" तिच्या हाताची पाठ फुगायला लागली होती.

दुकानात फोन होता. पावसाळ्यात तो आठवड्यातून चार दिवस मुका असे. मी रिसीव्हर कानाला लावला, आवाज आला तेव्हा पहिला श्वास घेतला. केंद्रावर चाचांनीच उचलला.

"चाचा, वरच्या वाडीत पान लागलंय. कमलला. डाव्या हाताला."

"किती नंबर झाले?"

"दोन."

"मग तीन."

"तीन कापूरहोळला गेलाय, चाचा! चिठ्ठी खिशात घेऊन गेलाय! चार आणि पाच हलत नाहीत! तिसऱ्यावर काय लिहिलं होतं?"

पलीकडे काहीच नाही. मला वाटलं, फोन गेला. मग चाचांचा श्वास ऐकू आला. "सिस्टर," ते म्हणाले, आणि तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. "मला आठवत न्हाई."

कमलचं लग्न मी पाहिलं होतं. मला उगाच तेच आठवायला लागलं, तिच्या मुंडावळ्या, तिचं लाजणं. पलीकडे चाचा पुटपुटत होते, "म्या नंबर का घातले, या अल्ला, म्या नंबर का घातले." मग एकदम म्हणाले, "थांबा. बाळूला म्हणावं, गाडी आत्ता आण. शपथ माझ्या डोक्यावर. सांगा." मी ओरडून सांगितलं. बाळू गडग्यावरून उडी मारून पळाला, उताराला दोनदा घसरला. "गेला? बरं. आता एकच सांगा. तिसरी चिठ्ठी म्या कुणाला दिली व्हती?"

"कासारमामांना."

"कासाराला," ते स्वतःशीच म्हणाले. "कासाराला म्या काय दिलं असंल? कासार काय करतो, सिस्टर? बायकांचा हात धरतो आन..."

"बांगड्या!" मी म्हणाले आणि त्याच क्षणी मला सगळं आठवलं. सूज चढते. हातात घट्ट काही असेल तर तो हात जातो. माझ्या यादीत सातवा मुद्दा होता तो.

कमलच्या डाव्या हातात बारा हिरव्या बांगड्या होत्या, चपखल बसलेल्या. मी ओट्यावर आले आणि म्हटलं, "मावशी, बांगड्या काढायच्या. नाही निघाल्या तर फोडायच्या." तुळसामावशी ताडकन उभ्या राहिल्या. "काय बोलता, सिस्टर? माझा ल्योक जित्ता हाय! सुवासिनीच्या हातातल्या बांगड्या फोडता? आत्ता? आसल्या घडीला?" बाकीच्या बायाही मागे सरकल्या. कुणीच पुढे येईना. आता मला कळलं, चाचांनी ती चिठ्ठी कासारालाच का दिली. त्याच्या हातून बांगडी उतरली तर ती नवी भरायला उतरते, तिचा दुसरा अर्थ होत नाही. मी कमलच्या हाताला हात लावायला गेले तर मावशींनी माझं मनगट धरलं. जोर होता त्या हातात.

मी आत जाऊन चाचांना हे दोन शब्दांत सांगितलं, मग रिसीव्हर वायर पुरेल तेवढा खिडकीतून बाहेर काढला आणि मावशींच्या कानाला लावला. पलीकडून चाचा काय बोलत होते ते मला तुटक ऐकू येत होतं. "तुळसाबाई, म्या चाचा. बांगड्या काढायच्या न्हाईत. ऐकलं? फकस्त एक. पंज्याकडची, सगळ्यात पुढची. साबण लावा. फोडायची न्हाई, सरकवायची. एकच."

मावशी फोनवर मान हलवत होत्या. पलीकडच्याला ते दिसत नव्हतं, हे बरंच झालं.

दुकानदारांनी साबणाची वडी आणि तांब्या आणला. मावशी सुनेजवळ बसल्या, रिसीव्हर मी धरला. पहिली बांगडी बोटांच्या पेरांवर अडली, कमल कळवळली, मग निघाली. ती बांगडी हातात धरून मावशी क्षणभर नुसत्या बघत राहिल्या. ती खाली ठेववत नव्हती त्यांना. मग त्यांनी जे केलं ते कुठल्या परिपत्रकात नव्हतं, चाचांच्या चिठ्ठीत नव्हतं आणि माझ्या एकोणीस मुद्द्यांत तर नव्हतंच. त्यांनी ती बांगडी सुनेच्या उजव्या हातात चढवली. "हितनं तिथं," त्या म्हणाल्या. "काडली न्हाई म्या. हितनं तिथं गेली."

"झाली?" फोनमधून आवाज आला.

"झाली."

"आता एक."

दुसरी. तिसरी. प्रत्येक वेळी चाचा विचारत, "झाली?" आणि मग म्हणत, "आता एक." पुढे किती राहिल्यात ते त्यांनी एकदाही विचारलं नाही. हात डोळ्यांदेखत फुगत होता. दहावीला कातडी सोलली. अकरावी निघाली तेव्हा कमलचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत हिरवा झाला होता. बारावी निघेना. साबण संपत आला. खाली जीपचा आवाज यायला लागला होता. मावशी फोनकडे वळून रडक्या आवाजात म्हणाल्या, "चाचा, ही न्हाई येत वो." "मग ती तुमी तुमच्या हातानं, तुळसाबाई. दुसऱ्या कुणी न्हाई. कपडा आत घाला, तिला लागू देऊ नका." मावशींनी पदराचं टोक आत सारलं, सुतारदादांची पक्कड घेतली आणि डोळे उघडे ठेवून ती बांगडी दाबली. काचेचा एवढासा आवाज झाला.

सुतारदादा विचारायला न थांबता पुढे झाले आणि फळी बांधली.

ओढा ओलांडून कच्च्या रस्त्याला लागेपर्यंत कमलच्या पापण्या जड झाल्या होत्या. मी तिचा श्वास मोजत होते आणि मोजता मोजता आकडे चुकत होते. केंद्राच्या फाटकापाशी चाचा रस्त्याच्या मधोमध उभे होते, हात पसरून, जसं काही जीप दुसरीकडेच निघून जाईल. डॉक्टरांनी इंजेक्शन तयार ठेवलं होतं. पुढे तिला पुण्याला नेलं. पुढचे चार दिवस काहीच कळत नव्हतं. त्या चार दिवसांत चाचांनी कुणालाही एकही पुडी बांधून दिली नाही. गोळ्या नुसत्या मोजून देत होते आणि रांग लवकर संपत होती. मला ती लवकर संपणारी रांग बघवत नव्हती. पाचव्या दिवशी तुळसामावशींच्या मुलाचा फोन आला, कमलनं भात मागितला म्हणून. कमल वाचली. हात वाचला. करंगळी तेवढी वाकडी राहिली.

पान लागलं त्याच दिवशी संध्याकाळी कासारमामा कापूरहोळहून परतले होते. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून सगळ्यांसमोर वाचली: 'हातातलं, बोटातलं, घट्ट असेल ते सगळं काढा.' मग ती तशीच हातात धरून ओट्यावर बसून राहिले म्हणे. त्यानंतर वर्षभर ते वाडी सोडून कुठे गेले नाहीत. माल पुतण्या आणायचा.

कमल घरी आल्यावर चाचा आणि मी वाडीत गेलो. चाचांनी सगळ्यांसमोर हात जोडले. "म्या चुकलो," म्हणाले. "तुकडे केले ते बरोबर. पर तुकडे करणाऱ्यानं ध्यानात ठेवलं पायजे की ते जोडायचे कुणी." मावशी फटकन म्हणाल्या, "चाचा, तुमी न्हाई चुकला. तुमी फोन ठेवला न्हाई, ते बास हाय." त्यावर चाचांना चहा दिला गेला आणि तो त्यांनी, मी पहिल्यांदाच पाहिलं, बिस्किटाबरोबर एकदम घेतला.

त्यानंतर त्यांनी नवा संच करायला घेतला. आकडे काढून टाकले. गाडी सगळ्यांत आधी. प्रत्येक चिठ्ठी दोन घरांत, आणि पाचही चिठ्ठ्यांची एक प्रत माझ्या डायरीत. हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चार चिठ्ठ्या लिहून झाल्या. तिसरी त्यांनी तीनदा लिहिली आणि तीनदा फाडली. "'बांगड्या काढा' असं लिहून उपयोग न्हाई, सिस्टर. ते वाक्य कुणाच्यानं व्हत न्हाई. अजून बारीक करायला पायजे. आन तुळसाबाईंनी केलं ते म्या फकस्त ऐकलंय. तुमी बघितलंय. तुमी लिहा. एका ओळीत."

मी त्याच आठवड्यात लिहून नेलं. साडेनऊ ओळी झाल्या होत्या. चाचांनी वाचलं, कात्री काढली, मग परत सोडून दिली. "ही तुमची तुमीच कापा," म्हणाले.

पुढे ते निवृत्त झाले. भोरात गेले की मी त्यांच्याकडे डोकावत असे. चाची चहा ठेवत, आणि कप हातात पडायच्या आत ते विचारत, "तिसरी झाली?" मी म्हणे, "करते." एका पावसाळ्यात त्यांच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा भेटायला गेले. थोडंसंच बोलले, एका वेळी एकच शब्द. मी उठायला लागले तेव्हा मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी विचारलं नाही. माझा हात धरून म्हणाले, "सावकाश जा." दिवाळीच्या आधी गेले.

आता माझ्या हाताखाली दोन नव्या मुली आहेत. चार चिठ्ठ्या त्यांनी वरच्या वाडीत आणि खालच्या तिन्ही वाड्यांत, दोन-दोन घरांत पोचवल्या आहेत. गेल्या फेरीला कासारमामा ओट्यावर भेटले. "सिस्टर, माझी नवी चिठ्ठी?" म्हणाले. मी सांगितलं, पुढच्या फेरीला. अजून माझ्या सहा ओळी होताहेत.